उजवीकडे फेज, वर अर्थिंग

सॉकेट सरळ बसणार की आडवं, हे प्लास्टरच्याही आधी ठरतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये सध्या नव्यानं वायरिंग चाललंय आणि मी वायरमनच्या मागे मागे फिरतोय. स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागी गवंड्यानं आडवा लावायचा लोखंडी बॉक्स उभा बसवला होता. घरमालकाला त्यात काहीच वावगं दिसेना. वायरमननं सिमेंट ओलं होतं तोवर तो उपटला. "प्लेट उभी झाली की सॉकेट आडवं झोपणार, काका. फ्रिजचा प्लग बघितलाय का?"

बघितला. वायर सरळ मागे न येता खाली उतरते. अर्थिंगची पिन वर, हे धरूनच तो प्लग घडवलेला. सॉकेट आडवं असेल तर वायर बाजूला येते, शेजारचं बटण झाकते, ओढ बसून प्लग हळूहळू सैल होतो. सैल पिन तापते. १६ अँपिअरच्या सॉकेटवर काळे डाग दिसले, तर आधी ही ढिलाई तपासावी.

वरची पिन जाड आणि लांबही. प्लग घालताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. प्लग अर्धवट बाहेर आला आणि वरून सुरी किंवा उलथनं पडलं, तर ते आधी तिच्यावरच आदळतं. ही रचना इंग्रजांच्या गोल पिनांच्या प्लगांवरून आपल्याकडे आली. आता त्यासाठी आयएस १२९३ हे मानक आहे. अमेरिकेत घरांमध्ये तिसरं भोक वर हवं की खाली, याची सक्ती नाही. लोक वाद घालतात, दोन्ही लावतात.

खरी गंमत जोडणीत. समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण वायर खोचायची ती मागून, सॉकेट पालथं धरून. तिथे उजव्याचं डावं होतं. हाताखालचा पोरगा तिथेच घोटाळतो. वायरमन डावं-उजवं बघतच नाही. स्क्रूशेजारी उठवलेलं अक्षर बघतो: 'एल'ला लाल, 'एन'ला काळी, हिरवी अर्थिंगला. उलट जोडलं तरी मिक्सर फिरतोच, म्हणून चूक वर्षानुवर्षं दडून राहते. फक्त मिक्सरचं स्वतःचं बटण बंद केलं तरी आत फेज खेळत राहतो.

म्हणून प्लेट लावल्यावर टेस्टर. उजव्या भोकात पेटला, डाव्यात नाही. मग होल्डरमधला साधा बल्ब, दोन वायरींसकट: फेज-न्यूट्रलला लख्ख पेटला. "आता फेज आणि अर्थिंग," म्हणत त्यानं एक वायर वरच्या भोकात घातली. बल्ब लुकलुकला, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी खट्कन पडला, अख्ख्या घरातले लाइट गेले आणि आत करवत चालवणारा सुतार ओरडू लागला. वायरमन खूश. "अर्थिंग ओके!"