रिकामी म्हटलेली टाकी

ठाणें-बेलापूर रस्त्यानें किंवा तळोज्याच्या बाजूनें जाणारांस रसायनांची ने-आण करणारे टँकर नित्य दिसतात. टँकरवरील धोक्याच्या फलकावर १८३० हा अंक असेल तर आंत तीव्र गंधकाम्ल आणि १८२४ असेल तर कॉस्टिक सोड्याचें द्रावण आहे, असें समजावें. माल उतरला कीं टाकी रिकामी झाली, असें बोलण्याचा प्रघात आहे. पण ती धुणाऱ्या कामगारास हा शब्द घातक ठरतो. तळाशीं, झडपेंत व रबरी नळींत द्रव उरतोच, आणि झडप सोडवितांना तो अंगावर येतो.

गंधकाम्लाचा पाण्याशीं संयोग होतांच प्रचंड उष्णता निर्माण होते. सांचलेल्या अम्लावर थोडेंसें पाणी पडलें तर तें उसळून तोंडावर उडतें. म्हणून उरलेला द्रव आधीं निथळून काढावा व मगच भरपूर पाण्यानें टाकी धुवावी.

कॉस्टिक सोडा याहून फसवा आहे. तीव्र अम्ल लागलें कीं आग होते व मनुष्य पाण्याकडे धांवतो. सोडा लागला तर प्रथम कातडी नुसती बुळबुळीत होते. तेल व सोडा यांपासून साबण होतो; तीच क्रिया येथें कातडींतील स्निग्धांशावर चाललेली असते! अम्लानें गोठलेला थर अम्लाला कांहींसा अडवितो. सोडा मात्र मांस विरघळवीत खोल उतरतो. डोळ्यांत गेल्यास दृष्टि कायमची जाऊं शकते.

यावर पहिला उपाय पाणी. तें तत्काळ, वाहतें आणि निदान २० मिनिटें हवें. पाणी चालू असतांनाच भिजलेले कपडे व जोडे उतरवावे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावूं नये; त्यांत वेळ जातो आणि नवी उष्णता उत्पन्न होते. नंतर दवाखाना गांठावा.

डोळ्यांस घट्ट बसणारा चष्मा, तोंडापुढें पारदर्शक ढाल, रसायनास दाद न देणारे हातमोजे व पोशाख हीं अवश्य असावींत. पायजमा बुटांत खोंवूं नये, बुटांवरून सोडावा. नाहीं तर ओघळलेला द्रव बुटांतच सांचतो.

घरांतील तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुडींतहि पुष्कळदां हाच सोडा असतो. तेव्हां घरीं काय किंवा कारखान्यांत काय, पाण्याचा नळ चार पावलांवर आहे कीं नाहीं, हें अपघातानंतर नव्हे, तर कामास हात घालण्यापूर्वीं पाहावयाचें असतें.