दाखल नोंदवहीतलं हस्ताक्षर

सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल निवृत्त होतो, तेव्हा शाल-श्रीफळाच्या आधी एक काम उरकावं लागतं. ते म्हणजे ग्रंथपडताळणी. कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं, दाखल क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहायचा, हरवलेलं, फाटलेलं, वाळवीनं खाल्लेलं वेगळं लिहायचं आणि मग किल्ल्या नव्या माणसाच्या हाती द्यायच्या. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या वाचनालयात ही पडताळणी चालते, तेव्हा पान उलटावं तसं वर्षानुवर्षं एकच हस्ताक्षर समोर येत राहतं.

या भागाला ग्रंथालय सहज मिळालेलं नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. शासनाची भाषा उर्दू आणि सभा-संमेलनांवर निर्बंध. अशा काळात मराठवाड्यातली वाचनालयं ही मराठी पुस्तकांची आणि चार माणसांनी एकत्र बसण्याचीही जागा होती. पुढे हैदराबाद राज्यानं 1955 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. म्हणजे मराठवाड्याला असा कायदा महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्याआधी बारा वर्षं मिळाला होता.

1967 च्या कायद्यानं वेगळा ग्रंथालय कर लावला नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालय चालवायचं, सरकारनं मान्यता आणि अनुदान द्यायचं, अशी ही रचना. पुस्तकं, सभासद, वर्तमानपत्रं यांच्या संख्येवरून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही याच रचनेत चालतो.

कागदावर ‘ग्रंथपाल’ असलेला माणूस प्रत्यक्षात झाडलोटीपासून वार्षिक अहवालापर्यंत सगळं करतो. वसमतच्या हळदीच्या हंगामात वाचक कधी येतील, परीक्षा संपल्यावर मुलांना काय द्यावं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी कोणतं मासिक चालू ठेवावं, हे त्याला पाठ असतं. एखादी सासुरवाशीण स्वतः येऊ शकत नाही, मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवते. तिला मागच्या वेळी काय आवडलं होतं, ते आठवून तो पुस्तक काढतो. या सेवेची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही.

आणि मोबदला? ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला कित्येक वर्षं वर्षाकाठी 30,000 रुपये अनुदान होतं. त्यातला निम्मा भाग वेतनाचा, म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. 2022 मध्ये राज्य सरकारनं अनुदानात 60 टक्के वाढ केली. त्याच हिशेबानं आकडा 2,000 वर गेला. वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही. या प्रश्नावर प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी मात्र तिथंच आहे.

राज्य सरकार दरवर्षी कार्यकर्त्यांना आणि सेवकांना डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावानं ‘ग्रंथमित्र’ पुरस्कार देतं. नाव अगदी योग्य आहे. मद्रास विद्यापीठाचं ग्रंथालय दोन दशकं घडवून रंगनाथन 1945 मध्ये बाहेर पडले आणि लगेच बनारस हिंदू विद्यापीठात गेले. तिथं सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण त्यांनी स्वतः केलं. पुढे आयुष्यभराच्या बचतीतले 1 लाख रुपये ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला दिले. पण त्यांच्यामागे विद्यापीठं होती. गावच्या ग्रंथपालामागे पाच-सात जणांचं कार्यकारी मंडळ आणि वर्गणीची पावतीपुस्तकं असतात.

म्हणून निवृत्तीचा समारंभ गावानंच मनावर घ्यायला हवा. निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालाला गौरवनिधीची थैली द्यावी. त्यात त्या वाचनालयात बसून नोकरीला लागलेल्यांनी पहिला हातभार लावावा. त्याच्या कारकिर्दीत दाखल झालेल्या पुस्तकांची यादी छापून सभासदांना वाटावी. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात लेखकांच्या भाषणांआधी त्याला व्यासपीठावर बोलवावं आणि कोणत्या पुस्तकाला सर्वांत जास्त वाचक मिळाले, कोणतं परत आलंच नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकावं. त्यावेळी ती जुनी दाखल नोंदवही टेबलावर उघडी असावी.