तेलाचा लिटर आणि तराजूचा किलो

बारामतीत घेतलेले तेल इंदापूरच्या वलीम्यात कमी पडले आणि दोन भल्या माणसांत कटुता आली. आमच्याच नात्यातल्या लग्नाची ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बावर्चीने यादीत ३० किलो तेल लिहिले होते. आम्ही दुकानात जाऊन ‘दोन डबे द्या’ म्हणालो. डब्यांवर १५ लिटर छापले होते, ते वाचले नाही. ऐन वेळी तेल संपले आणि आम्ही दुकानदाराला बोल लावला. त्याने तर सीलबंद डबे दिले होते. चूक आमच्या हिशेबाची होती.

लिटर हे माप, किलो हे वजन. १ लिटर पाणी जवळपास १ किलो भरते, म्हणून आपण दोन्ही एकच धरतो. पण तेल पाण्याहून हलके असते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, कोणतेही घ्या, १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. ३० लिटर म्हणजे २७ किलो ३०० ग्रॅम. आमचे २ किलो ७०० ग्रॅम असे कमी पडले.

आम्ही कापडवाले. १ गज म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, हे आम्हाला तोंडपाठ. गजाचे मीटरशी जे नाते, जवळपास तेच तेलाच्या लिटरचे किलोशी. गजाच्या भावाने घेऊन मीटरच्या भावाने विकताना आम्ही चुकत नाही, मग तेलात का चुकावे?

हिशेब सोपा आहे. लिटरला ०.९१ ने गुणले की किलो येतात, किलोला ०.९१ ने भागले की लिटर. १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल असते. १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम. भावाचेही तसेच. समजा, एकाकडे किलो १५० रुपये आणि दुसऱ्याकडे लिटर १४० रुपये आहे. लिटरवाला स्वस्त दिसतो, पण त्याचा किलो जवळपास १५४ रुपयांना पडतो.

उन्हाने तेल फुगते, वजन मात्र तेच राहते. १ लिटर सोयाबीन तेल २१ अंशांवर सुमारे ९१९ ग्रॅम, तर ४० अंशांवर ९०६ ग्रॅम भरते. म्हणूनच २०२२ मध्ये केंद्र सरकारने तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत वजनही बरोबर छापण्यास सांगितले आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

घाण्यावरून तेल आणून सुटे विकणाऱ्या बांधवांनी विशेष जपावे. लिटरची बाटली भरून ‘किलो’ म्हणून दिली, तर प्रत्येक गिऱ्हाइकाचे ९० ग्रॅम आपल्याकडे राहतात. नीयत साफ असली तरी हक्क दुसऱ्याचाच. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात कमी देणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. सुनन अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये वजनासाठी मक्केचे आणि मापासाठी मदीनेचे प्रमाण सांगितले आहे. वजन वेगळे, माप वेगळे, ही समज आपल्या दीनमध्ये जुनी आहे.

तेव्हा पावतीवर ‘डबा’ एवढेच लिहू नये; किलो की लिटर, तेही लिहावे. त्या दुकानदाराची आम्ही माफी मागितली. आजही तेल त्यांच्याकडूनच घेतो, पण आता किलोने.