ढुंढाडीतील 'छै' आणि बंगालीतील 'आछे'

जयपूर परिसरातील ढुंढाडी बोलीत 'आहे' या अर्थी 'छै' आणि 'होता' या अर्थी 'छो' ही रूपे रूढ आहेत. शेजारच्या मारवाडीत 'है' चालते. बंगालीतील 'आछे' व 'छिलो' यांच्याशी ढुंढाडी रूपांचे साम्य सहज ध्यानात येते. पूर्व बंगालच्या अनेक बोलींत मात्र 'छ'चा उच्चार 'स'कडे झुकतो; तेथे हे साम्य कानाला तितकेसे जाणवत नाही.

आमेरचा बंगालशी संबंध जुना आहे. राजा मानसिंह १५९४ मध्ये बंगालचा सुभेदार झाला. आमेरची शिलादेवी त्याने बंगालमधून आणली, अशी परंपरा आहे. तिचे पुजारीही पूर्वी बंगालीच होते. १७२७ मध्ये वसलेल्या जयपूरच्या रचनेशी विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव निगडित आहे. तेव्हा 'छै' हे बंगाल्यांबरोबर आले असावे, असे अनुमान कोणास सुचेल. परंतु ते टिकत नाही. गुजरातीत 'छे', कुमाऊँनी व नेपाळीत 'छ', मैथिलीत 'अछि' आहे. प्राकृतातील 'अच्छइ'शी या सर्वांचा संबंध जोडला जातो. हे साम्य उसनवारीचे नसून समान वारशाचे होय.

ग्रिअर्सन यांनी १९०८ मध्ये जयपुरीचा विचार राजस्थानीत केला. २०११च्या जनगणनेत ढुंढाडी हिंदीखाली मोजली गेली. प्रमाण हिंदीत हा 'छ' नाही. गणनेच्या सोयीची नोंद हाच कुलनिर्णय मानला, तर बोलीने जपलेला असा पुरावा अभ्यासकांच्या दृष्टीआड होतो.