ओळखीच्या डोहाविषयी

लातूर-नांदेडच्या माळरानावर पोहण्याजोगे पाणी मिळते, हे विधान परमुलखातल्या माणसाला थट्टेचे वाटावे. कारण ज्या लातूर शहराला 2016 च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ नावाच्या आगगाडीने पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले, त्याच्या आसपास डोह आणि कोंड धुंडाळत हिंडणारी मंडळी असतील, ही कल्पना वर्तमानपत्री मथळ्यांवर पोसलेल्या मनाला सहसा शिवत नाही. वस्तुस्थिती अशी की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांजरेला पूर आले. बालाघाटात उगम पावणारी मांजरा, तिला मिळणाऱ्या तेरणा आणि मन्याड, नांदेडची गोदावरी, आणि यवतमाळच्या सरहद्दीवर काळ्या कातळावरून सहस्रकुंडात कोसळणारी पैनगंगा, या नद्या उन्हाळ्यात रोडावतात हे खरे. परंतु पाऊस ओसरल्यापासून पुढे कित्येक महिने त्यांच्या पात्रांत पोहणाऱ्याला मोह पडावा इतके पाणी असते. येथे पाणीच नाही हा पहिला गैरसमज, आणि तो निरुपद्रवी आहे. बाकीचे जीव घेणारे आहेत.

त्यांपैकी सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे डोह ओळखीचा असला की तो निर्धोक असतो. ‘आज्या-पणज्यापासून आम्ही इथंच पोहतो’ हे वाक्य नदीकाठच्या गावांत प्रमाणपत्रासारखे पुढे केले जाते, आणि एके काळी ते प्रमाणपत्र खरेही होते. कारण पात्राची घडण केवळ पुराच्या हाती होती तोवर डोहाचा तळ पिढ्यानुपिढ्या फारसा हलत नसे, व कोठे कातळ, कोठे गाळ, कोठे ओढ, हे गावच्या भोयांना आपल्या घराच्या उंबऱ्याइतके पाठ असे. आता सातबाऱ्यावर जमिनीचा फेरफार चढतो, नदीच्या तळाचा चढत नाही. लिलावात घेतलेली वाळू असो की रात्री चोरून नेलेली, तिच्या जागी राहिलेला खड्डा पहिल्या पावसात भरतो आणि वर पाण्याची चादर अशी सपाट पसरते की, गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढच्या दोन पावलांत गळ्यापर्यंत जातो. मागे फिरावे तर खड्ड्याची कड पायाखाली ढासळते आणि वर चढू पाहणारा अधिकच आत घसरतो.

मांजरेकाठच्या एका वयस्क भोयाने मला याची परीक्षा करून दाखवली होती. हाताहातावर गाठी मारलेल्या सुतळीला मूठभर दगड बांधून तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसला आणि काठापासून थोडे थोडे सरकत दगड सोडू लागला. काठाजवळ दुसऱ्या गाठीवर टेकणारा दगड, तराफा आणखी हातभर सरकताच सातव्या गाठीपर्यंत गेला. ‘पोरसाली इथं म्हशी बसायच्या,’ एवढेच तो बोलला आणि सुतळी गुंडाळून त्याने कनवटीला लावली.

दुसरी समजूत आकाशाकडे पाहण्याची. ढग नाहीत, सरी नाहीत, तेव्हा नदी चढायची नाही, असा सरळ हिशेब माणसे करतात. पण गोदावरी आता केवळ ऋतूंच्या हुकमाने वाहत नाही, तिच्यावर पाटबंधारे खात्याचाही अंमल चालतो. वर कोठे तरी दूर झालेल्या पावसाने विष्णुपुरीचा जलाशय भरला, की त्याचे दरवाजे उघडतात आणि खाली नांदेडच्या घाटांवर लख्ख उन्हात पायऱ्या बुडू लागतात. बाभळीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. धर्माबाद तालुक्यातल्या या बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैपासून 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावेत आणि 1 मार्चला खालच्या राज्यासाठी 0.6 टीएमसी, म्हणजे 60 कोटी घनफूट, पाणी सोडावे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 रोजी दिला. ऐन शिशिरात, जेव्हा वर्षभरात पाऊस सर्वांत अशक्य वाटतो तेव्हा, नदी फुगण्याची तारीख दप्तरात आधीच नोंदलेली आहे. ती पंचांगात सापडणार नाही. पूर्वी कोतवाल दवंडी पिटत असे, आज इशारा मोबाइलवर येतो, आणि पोहणाऱ्याचा मोबाइल काठावरच्या कपड्यांत गुंडाळलेला असतो.

विहिरीत पोहायला शिकलेला नदीतही तरतो, ही आमच्याकडची तिसरी श्रद्धा. पाठीला सुकलेला भोपळा किंवा डबा बांधून, वरून दोर धरलेल्या थोरल्या भावाच्या भरवशावर, चार गटांगळ्या खाऊन शिकलेली विद्या खरी असते यात शंका नाही. पण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही आणि कपार नेहमी चार हातांवर असते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून कमरेइतक्या धारेत पैलवानाचेही पाय उचलले जातात. धारेच्या विरुद्ध हात मारून दमणे हा विहिरीतल्या पोहणाऱ्याचा स्वभावदोष आहे. धारेबरोबर जात तिरपे काठाकडे सरकावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्यातून काठ काळ्या मातीचा असला तर उतरणे सोपे आणि चढणे दुर्घट, कारण ओली चिकण माती ना हाताला धरू देते ना पायाला.

तळ दिसतो म्हणून पाणी उथळ, हेही खोटे. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे आठ फुटांचा स्वच्छ डोह वरून पाहणाऱ्याला सहाच फुटांचा भासतो. उलट गढूळ पाण्यात कातळ दिसतच नाही, आणि तेथे सूर मारणाऱ्याची मान मोडते. बंधाऱ्यावरून पातळ पडद्यासारखे पडणारे पाणी खाली स्वतःभोवती लोळत राहते आणि अडकलेल्याला पुन्हा भिंतीकडे ओढते. धबधब्याच्या पायथ्याच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते शरीराला नेहमीइतके उचलून धरत नाही. सहस्रकुंड हे पाहण्याचे ठिकाण आहे, पोहण्याचे नव्हे.

डोहात साती आसरा या जलदेवता असतात आणि त्या दरसाल एक माणूस नेतात, या समजुतीची मला टवाळी करावीशी वाटत नाही. शेंदूर फासलेले त्यांचे दगड, माझ्या मते, निरक्षर काळातले धोक्याचे फलक होते, आणि त्यांनी पुष्कळ पोरांना काठावरच रोखले असेल. पण नेलेला माणूस परत मिळत नाही हा त्या समजुतीचा उत्तरार्ध मात्र घातक आहे. त्यामुळे टळण्याजोगा मृत्यू प्राक्तन ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली बहुतेक आसरांच्या हद्दीबाहेरची होती.

बुडणारा ओरडतो, ही समजूत नाटक-सिनेमांनी दिली. प्रत्यक्षात श्वासासाठी झगडणाऱ्याला आवाज फुटत नाही. मान मागे पडते, हात पाण्याला खाली दाबत राहतात, आणि काठावरचे त्याला खेळतोय असे समजतात. बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, मडक्यावर पालथा घालून पोट दाबणे, हे सारे वेळ दवडणारे आहे; पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचे भय निराळेच. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून, हनुवटी वर करून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 या गतीने 30 दाब आणि 2 श्वास असे चालू ठेवावे, आणि दुसऱ्याने 108 वर दूरध्वनी करावा.

इतके जाणूनही ज्याला उतरायचे असेल त्याने पाऊस सरल्यावर, रुंद आणि संथ पात्र पाहून, तराफे घालणाऱ्या भोयांना दोन गोष्टी विचाराव्यात: यंदा वाळू कोठून उचलली, आणि वरचे दरवाजे कधी उघडतात. बाहेर कोठून पडणार ती जागा आधी ठरवावी. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नये. फेटा, साडी, दोर, हाताला येईल ते फेकावे. गाडीत वीस हात दोर आणि झाकण घट्ट बसणारा एक रिकामा कॅन असू द्यावा. पाच लिटरचा कॅन छातीशी धरला तर मोठ्या माणसाचे डोके पाण्यावर राहते.