ख्रिस्ती मातृनिवासाला करदात्यांचा पैसा : अमेरिकेतील कायदा काय सांगतो?

'मॅटर्निटी होम' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रसूतिगृह उभे राहते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. येथे बाळंतपण रुग्णालयात होते; 'मॅटर्निटी होम' हे केवळ राहण्याचे ठिकाण असते. घरच्यांनी बाहेर काढलेली, जोडीदाराच्या मारहाणीतून सुटून आलेली किंवा भाडे थकल्याने बेघर झालेली गरोदर स्त्री तेथे काही महिने आश्रय घेते. बाळ झाल्यावरही काही काळ तिला तेथे राहता येते. नोकरी शोधणे, अपुरे शिक्षण पूर्ण करणे, बाळाची निगा शिकणे यांत तिला मदत मिळते. सोयीसाठी अशा घराला येथे 'मातृनिवास' म्हणू.

यांतील अनेक मातृनिवास ख्रिस्ती संस्था चालवतात. त्यांतील एखादी संस्था काउंटीकडे किंवा शहराकडे निधीसाठी अर्ज करते, तेव्हा वाद ठरलेलाच. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपुष्टात आणला आणि या वादाला अधिकच धार आली. सर्व धर्मांच्या, तसेच कोणताही धर्म न मानणाऱ्या करदात्यांचा पैसा अशा घराला द्यावा काय?

जुनी परंपरा, कटू आठवणी

धर्म आणि मातृनिवास यांचे नाते जुने आहे. न्यूयॉर्कचे औषधव्यापारी चार्ल्स क्रिटेंटन यांनी आपल्या दिवंगत मुलीच्या, फ्लॉरेन्सच्या, नावाने १८८३ मध्ये सुरू केलेले कार्य पुढे देशभर पसरले. त्याच्या २० वर्षे आधी, १८६३ मध्ये, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. समाजाने टाकलेल्या स्त्रीला आसरा, हीच प्रेरणा दोन्हीकडे होती.

परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील अशा अनेक घरांत अविवाहित मुलींना लोकांच्या नजरेआड ठेवले जाई आणि बाळ दत्तक देण्यासाठी त्यांच्यावर दबाव आणला जाई. या घरांकडे आजही काही जण साशंकतेने पाहतात, त्यामागे हा इतिहास आहे.

पैसा येतो कोठून?

स्थानिक शासन देते तो पैसा पुष्कळदा मूळचा केंद्राचा असतो. १९७४ च्या कायद्याने सुरू झालेल्या सामुदायिक विकास अनुदानातून शहरांना व काउंट्यांना निधी मिळतो. त्यातील सार्वजनिक सेवांवरचा खर्च साधारणतः १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित असतो, त्यामुळे अर्जदारांत चुरस असते. करोनाकाळात, २०२१ मध्ये, राज्यांना व स्थानिक शासनांना ३५० अब्ज डॉलरचा विशेष निधी मिळाला. मात्र त्याचा विनियोग २०२४ अखेर निश्चित करून २०२६ अखेर तो खर्च करण्याचे बंधन असल्याने तो झरा आटत चालला आहे. याखेरीज बेघर गरोदर व नवमाता तरुणींसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे. तिच्याखालील घरांत १६ ते २१ वर्षांच्या तरुणींना प्रवेश मिळतो व साधारण दीड वर्ष राहता येते.

न्यायालयाची वाटचाल

राज्यसंस्थेने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कोणाच्या धर्माचरणात अडथळाही आणू नये, अशा दोन आज्ञा राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहेत. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली आज्ञा राज्यांना व स्थानिक शासनांनाही लागू केली. सारा वाद या दोन आज्ञांमधल्या ओढाताणीचा आहे.

धार्मिक संस्थेला सरकारी पैसा मुळीच देता येत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. वॉशिंग्टनमध्ये कॅथलिक भगिनी चालवत असलेल्या रुग्णालयाला मिळालेले साहाय्य १८९९ मध्येच वैध ठरले. १९८८ च्या 'बोवेन विरुद्ध केंड्रिक' खटल्याचा विषय तर मातृनिवासाच्या अगदी जवळचा होता. किशोरवयीन मुलींचे गरोदरपण व लैंगिक वर्तन यांसंबंधीच्या योजनेत धार्मिक संस्थांनाही अनुदान मिळे. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा टिकवला. मात्र प्रत्यक्षात पैसा धर्मप्रसाराकडे वळतो काय, हे तपासण्याची वाट मोकळी ठेवली.

पुढे तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. २०१७ मध्ये मिसूरीतील एका चर्चच्या बालवाडीला मैदानासाठीचे अनुदान केवळ ती चर्चची आहे म्हणून नाकारणे घटनाबाह्य ठरले. २०२० व २०२२ मधील शालेय निधीच्या निकालांनी हेच सूत्र पुढे नेले. म्हणून आज 'संस्था ख्रिस्ती आहे' एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळणारी काउंटी स्वतःच अडचणीत येऊ शकते. मात्र कोणाही खासगी संस्थेला निधी न देण्याचा पर्याय तिला असतो.

गर्भपाताला असलेल्या विरोधाचे काय? एखादे धोरण धर्ममताशी जुळते एवढ्यावरून ते धर्माची प्रस्थापना ठरत नाही, असे न्यायालयाने १९८० मध्येच म्हटले होते.

अटी आणि खरा पेच

केंद्राचा थेट निधी घेणाऱ्या संस्थेवर काही स्पष्ट बंधने असतात. उपासना, धर्मशिक्षण व धर्मप्रसार यांवर हा पैसा खर्च करता येत नाही. असे कार्यक्रम अनुदानित सेवेपासून वेळेने वा जागेने वेगळे ठेवावे लागतात आणि त्यांतील सहभाग ऐच्छिक असावा लागतो. धर्मावरून लाभार्थींत भेद करता येत नाही. संस्थेला आपले नाव, भिंतीवरील क्रूस व धार्मिक ओळख जपता येते. कर्मचारी नेमताना स्वधर्मीयांना प्राधान्य देण्याची मुभाही कायद्याने बव्हंशी दिली आहे.

कागदावर हे सारे नीटनेटके दिसते. परंतु शाळा वा दवाखाना ठरावीक वेळी बंद होतो. निवासात मात्र माणूस दिवसरात्र राहतो. जेवणापूर्वीची सामूहिक प्रार्थना 'कार्यक्रम' मानायची की घराची रीत? आठव्या महिन्यातील, दुसरे छप्पर नसलेल्या स्त्रीने रविवारी चर्चला जायला नकार दिला, तर तो नकार तिला खरोखर मोकळेपणाने देता येतो काय? साऱ्या काउंटीत असे घर एकच असेल, तर 'ऐच्छिक' या शब्दाचे वजन आणखी घटते.

समर्थकांची बाजूही पोकळ नाही. अशी सेवा रात्रंदिवस चालवणारी दुसरी संस्था पुष्कळ ठिकाणी नसते. देणग्या व स्वयंसेवक यांच्या बळावर सरकारी पैशाच्या कित्येक पट काम होते. निधी नाकारल्याने तत्त्व राहते, पण त्या रात्री खाट मिळत नाही.

मराठी समाजाने हा पेच पूर्वी अनुभवला आहे, आणि तोही अमेरिकी पैशाच्या संदर्भात. बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या बळावर पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. धर्माबाबत तटस्थता हे त्याचे घोषित धोरण होते. पुढे सदन पुण्याला गेल्यावर रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या. ही मुलींची मोकळीक की धर्मांतराची वाट, यावर वादळ उठले. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात हानी झाली ती मुख्यतः त्या मुलींच्या शिक्षणाची.

नागरिकांनी काय पाहावे?

अशा प्रस्तावावर खुल्या सभेत नागरिकांना सहसा बोलता येते आणि करारही मागवून वाचता येतो. पैसा नेमका कशासाठी आहे: छपराच्या दुरुस्तीसाठी, समुपदेशकाच्या पगारासाठी की घरभाड्यासाठी? प्रवेशाचे व घराबाहेर काढण्याचे नियम लेखी आहेत काय? प्रार्थनेला न येणाऱ्या स्त्रीचे स्थान सुरक्षित आहे काय? तक्रार संस्थेबाहेर कोणाकडे करायची? हिशेब कोण तपासणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेगळ्या धर्माच्या वा निधर्मी स्त्रीसाठी जवळपास दुसरी सोय आहे काय? या प्रश्नांची उत्तरे निधी मंजूर होण्यापूर्वी करारात उतरली, तर त्या स्त्रीला दाद मागायला आधार राहतो.