घरी केव्हा सोडणार?

पोटाचे मोठे ऑपरेशन झाले की घरची मंडळी पहिल्या दिवशी विचारतात, "नीट झालं ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून विचारू लागतात, "घरी केव्हा सोडणार?" या दुसऱ्या प्रश्नाला डॉक्टर ठाम तारीख देत नाहीत. मग शंकाकुशंका सुरू होतात. तारीख का देता येत नाही आणि मुक्काम लांबू नये म्हणून आपल्या हाती काय आहे, एवढेच आज पाहू.

उदाहरणासाठी मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग घेऊ. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. ते उतरतात कुठे? कोणी धर्मशाळेत, तर कोणी बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील नातलगांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात. रजा आठ-दहा दिवसांची, पैसेही तेवढ्याच बेताचे. मुक्काम लांबला की सारे गणित कोलमडते.

आता ऑपरेशनात होते काय? सर्जन रोगट भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचे थोडे चांगले आतडे घेऊन, कापून काढतो आणि उरलेली टोके जोडतो. शेतातल्या पाइपलाइनचा फुटका तुकडा काढून आपण सांधा करतो, तसेच म्हणा ना. पण फरक मोठा आहे. पाइप आपण चिकटवतो. आतड्याला टाके नुसते धरून ठेवतात, सांधा भरून आणते ते शरीर. त्याला चांगला रक्तपुरवठा हवा आणि वेळ हवा.

कधी कधी हा सांधा गळतो. हे पहिल्या दिवशी कळत नाही. बहुधा पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास, क्वचित त्यानंतरही, ताप आणि पोटदुखी घेऊन ते उघड होते. डॉक्टर तारीख सांगायला कचरतात ते यामुळे. सांधा गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका धोका अधिक. म्हणूनच काही रुग्णांना पोटावर तात्पुरते द्वार करून पिशवी लावतात. ती शिक्षा नव्हे. नव्या सांध्यावरून मळ जाऊ नये म्हणून केलेला तो आडमार्ग आहे.

गळतीखेरीज आणखी अडचणी असतात. आतडी काही दिवस रुसतात, पोट फुगते, उलट्या होतात. जखमेत पू होतो. छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. यांतले काही झाले नाही, तर रुग्ण साधारण आठवड्याभरात घरी जातो. जखम चिघळली तर आणखी काही दिवस. सांधा गळला तर कित्येक आठवडे, कधी दुसरे ऑपरेशनही. शिवाय पुढची औषधे, म्हणजे केमोथेरपी, लागणार असेल तर तीही मागे पडते. तेव्हा प्रश्न केवळ खाटेच्या भाड्याचा नाही.

मग आपण करायचे काय? तंबाखू आणि विडी ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडावी. मधुमेह, रक्ताची कमतरता आधी सुधारून घ्यावी. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की वेदना नीट आवरून रुग्णाला लवकर उठवले, लवकर खाऊपिऊ घातले, तर तो लवकर बरा होतो. म्हणून नर्सबाई दुसऱ्याच दिवशी चालायला सांगतात, तेव्हा "अहो, त्यांना पडू द्या की!" असे म्हणू नका, हाताला धरून चालवा. तीन गोळ्यांचे श्वासाचे खेळणे दिले असेल, तर ते उशाशी ठेवू नका, वापरा. मात्र घरचा डबा डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज भरवू नका. वारा सरला, शौचास झाली, तर संकोच न करता सांगा. ती सुवार्ता असते!

डिस्चार्ज मिळाला की त्याच रात्रीची एस. टी. धरण्याची घाई नको. जमल्यास आठवडाभर मुलुंडच्या मामांकडे किंवा बोरिवलीच्या आत्याकडे थांबावे. ताप आला, पोट दुखू किंवा फुगू लागले, उलट्या झाल्या, जखमेतून पू आला, एकच पोटरी सुजली, धाप लागली, तर वाट न पाहता परत रुग्णालय गाठावे. गावी पोहोचल्यावर असे झाले, तर डिस्चार्जचा कागद घेऊन जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. तो कागद बहुधा इंग्रजीत असतो. गावातले कोणी असे ऑपरेशन करून आले, तर त्यांच्या घरी जाऊन तो वाचून दाखवा आणि परत केव्हा दाखवायचे ती तारीख मराठीत, ठळक अक्षरांत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्या.